बागायतदाराच्या तळघरातील शॅम्पेन : ती चाखावी कशी, पारखावी कशी

शॅम्पेन म्हटली की मोटारींच्या शर्यतीत पहिला आलेला गडी बाटली हलवून फेस उडवतो, ते चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. श्रीमंतांचे पेय, बड्या मेजवानीतला थाट, एवढीच तिची आपल्याला ओळख. पण ज्या मुलखात ती तयार होते तेथे ती आधी शेतमाल आहे आणि मग चैनीची वस्तू.

फ्रान्समधील शॅम्पेन प्रांतात सुमारे ३४,००० हेक्टर द्राक्षबागा आहेत. त्या सुमारे १६,००० बागायतदारांच्या हाती आहेत. म्हणजे सरासरी धारण दोन हेक्टरांच्या आसपास. आपल्या हिशेबाने पाच एकर. त्या मुलखातील जवळजवळ नव्वद टक्के बागा या बागायतदारांच्या मालकीच्या. मात्र बाजारात जाणाऱ्या बाटल्यांपैकी सुमारे सत्तर टक्के बाटल्यांवर नाव असते ते एपर्ने आणि रँस या शहरांतील मोठ्या पेढ्यांचे. पिकविणारा एक आणि नाव दुसऱ्याचे, ही गोष्ट आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही काही हजार बागायतदार स्वतःची द्राक्षे स्वतःच पिळतात, स्वतःच्या तळघरात वाइन मुरवतात आणि स्वतःच्या आडनावाने बाटली विकतात. अशा बाटलीची पारख कशी करतात, आणि तिच्या चवीवरून शेतातील कामाचा अंदाज कसा येतो, ते या लेखात पाहावयाचे आहे.

आमच्या कित्येक भगिनींना घरच्या साप्ताहिकात वाइनचा विषय रुचणार नाही. दारूने संसार कसे धुळीस मिळतात हे खेड्यात राहणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे, आणि त्यांचा राग रास्तच आहे. हा लेख पिण्याची शिफारस करीत नाही. जे घेत नाहीत त्यांनी घेऊ नये. वाइन पारखण्याचा ज्यांचा धंदाच आहे ते लोकसुद्धा चाखलेला घुटका गिळत नाहीत. तोंडात घोळवून शेजारच्या भांड्यात थुंकतात. आपल्याला पाहायची आहे ती त्यांची पारखण्याची रीत.

खडूची जमीन, थंड हवा

पॅरिसपासून पूर्व-ईशान्येस सुमारे दीडशे किलोमीटरवर हा प्रांत आहे. नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेस २० अंशांवर, तर शॅम्पेन ४९ अंशांवर. वर्षाचे सरासरी तापमान ११ अंश सेल्सिअसच्या जवळपास. आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, अशा दोन छाटण्या करतो. तेथे हिवाळ्यात वेल झोपी जाते, म्हणून छाटणी एकच. एप्रिलमध्ये डोळे फुटतात, जूनच्या सुमारास फुलोरा येतो आणि त्यानंतर साधारण शंभर दिवसांनी, बहुधा सप्टेंबरात, काढणी होते. हवामान तापत चालल्याने आता कित्येक वर्षी काढणी ऑगस्टमध्येच सुरू होते.

आपल्याला अवकाळी पाऊस आणि गारपीट, तसे त्यांना एप्रिलचे दहिवर. एका रात्रीत कोवळे फुटवे काळे पडतात. २००३ साली एप्रिलच्या दहिवराने जवळजवळ निम्मे पीक नेले आणि पुढे उन्हाळा इतका तापला की काढणी ऑगस्टमध्येच करावी लागली. पावसाळी साल आले तर केवडा आणि भुरी आहेतच. या दोन रोगांची नावे तेथेही शेतकऱ्याची झोप उडवतात.

जमिनीखाली पांढऱ्या खडूचा जाड थर आहे. हा खडू स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. पावसाळ्यात निचरा होतो, उन्हाळ्यात मुळांना थोडी थोडी ओल मिळत राहते. त्याच खडूत कोरलेली तळघरे बारा महिने थंड राहतात.

द्राक्षाच्या मुख्य जाती तीन. शार्दोने ही पांढरी. पिनो न्वार आणि म्यूनिए या दोन काळ्या. म्यूनिए म्हणजे पिठाच्या गिरणीवाला. या वेलीच्या पानाची खालची बाजू पीठ भुरभुरल्यासारखी पांढुरकी दिसते म्हणून हे नाव पडले. हेक्टरी सुमारे आठ हजार वेली असतात. आपल्याकडे नऊ बाय पाच फुटांवर लावल्या तर एकरी साडेनऊशेच्या वर थोड्या बसतात. तेथे एकरी तीन हजारांहून अधिक. वेली बुटक्या, घड लहान. उतारा किती घ्यायचा याची मर्यादा दरवर्षी ठरवून देतात; ती साधारण हेक्टरी दहा टनांच्या मागेपुढे असते.

काढणी हातानेच करावी असा नियम आहे. घड अखंड राहिला पाहिजे, मणी फुटता कामा नये. कारण काळ्या द्राक्षाचा रस पांढरा असतो, रंग सालीत असतो. मणी फुटून रस सालीत भिजला तर रंग आणि तुरटपणा उतरतो. फेसाळ वाइनसाठी द्राक्षे साधारण १६ ते १८ ब्रिक्सला, आंबटपणा शाबूत असतानाच काढतात. हा आंबटपणा म्हणजे त्या वाइनचा कणा आहे.

पेढीवाला आणि बागायतदार

पूर्वी बागायतदार द्राक्षे पिकवी आणि पेढीवाला ती घेऊन वाइन करी. भाव पेढीवाल्याच्या मर्जीवर. १९०७ पासून लागोपाठ वाईट साले आली आणि १९१० चे पीक तर जवळजवळ हातचे गेले. त्यातच काही पेढ्या बाहेरच्या प्रांतांतून स्वस्त वाइन व रस आणून शॅम्पेनच्या नावाने खपवीत होत्या. १९११ च्या जानेवारीत बागायतदारांनी असा माल अडवून मार्न नदीत ओतला. एप्रिलमध्ये, शॅम्पेनच्या हद्दीचा कायदा मोडीत निघणार अशी बातमी आली तेव्हा भडका उडाला. आई नावाच्या गावी (उच्चार आपल्या आईसारखाच) पेढ्यांच्या इमारती जाळल्या गेल्या, रस्त्यातून वाइन वाहिली आणि सरकारला लष्कर पाठवावे लागले.

पुढे १९२७ च्या कायद्याने हद्द नक्की झाली. कोणत्या गावची द्राक्षे शॅम्पेनसाठी चालतील हे कागदावर आले. परंतु १९३० नंतरच्या जागतिक मंदीत पेढ्यांनी द्राक्षे उचलणेच कमी केले. पीक उभे आणि गिऱ्हाईक नाही. तेव्हा कित्येक बागायतदारांनी सहकारी संघ काढून एकत्र पिळण्याची सोय केली. काहींनी घरीच बाटल्या भरायला सुरुवात केली. बागायतदाराच्या नावाची शॅम्पेन हौसेतून नव्हे, अडचणीतून वाढली. १९४१ साली बागायतदार आणि पेढीवाले यांची मिळून एक समिती स्थापन झाली. तीत दोन्ही बाजूंना समान स्थान आहे. उताऱ्याची मर्यादा, काढणीच्या तारखा हे सारे आजही तेथे ठरते.

फेस बाटलीत शिरतो कसा

पारख समजण्यासाठी करणी थोडी समजली पाहिजे.

चार हजार किलो द्राक्षांचा एक घाणा धरतात. त्यातून २,५५० लिटरपेक्षा अधिक रस घेण्यास मनाई आहे. त्यातला पहिला २,०५० लिटर रस उत्तम. नंतरचा ५०० लिटर दुय्यम, कारण दाब वाढतो तसा सालीचा आणि बियांचा कडवटपणा उतरू लागतो. या हिशेबाने पाऊण लिटरच्या एका बाटलीस सुमारे १.२ किलो द्राक्षे लागतात.

रस आंबून साधी, आंबट, पातळ वाइन तयार होते. वसंत ऋतूत निरनिराळ्या बागांच्या, जातींच्या आणि सालांच्या वाइन चाखून त्यांचे मिश्रण करतात. जुन्या चांगल्या सालांची थोडी वाइन राखून ठेवलेली असते. वाईट साली ती उपयोगी पडते. आपण कणगीत बियाणे राखतो तसाच हा विचार.

मग बाटलीत ही वाइन, लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून तोंड बंद करतात. यीस्ट साखर खाते आणि वायू सोडते. वायूला बाहेर जायला वाट नसते, तो वाइनमध्येच विरघळतो. चार ग्रॅम साखरेमागे एक वातावरण, या हिशेबाने सहा वातावरणांचा दाब तयार होतो. मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या हा अडीच ते तीन पट आहे.

काम संपल्यावर यीस्ट मरून तळाशी गाळ बसतो. हा गाळ लगेच काढत नाहीत. त्याच्यावर वाइन महिनोन्महिने मुरते आणि त्यातूनच ताज्या पावाचा, भाजलेल्या बदामाचा स्वाद येतो. सर्वसाधारण शॅम्पेन बाटली भरल्यापासून निदान १५ महिने, आणि एकाच सालच्या द्राक्षांची असल्यास निदान तीन वर्षे, तळघरात राहिली पाहिजे असा नियम आहे. चांगले बागायतदार त्याहून अधिक थांबतात.

शेवटी गाळ काढायचा. बाटल्या उलट्या तिरप्या ठेवून रोज थोड्या थोड्या फिरवतात. हाताने हे काम चार ते सहा आठवडे चालते. यंत्राने आठवडाभरात होते. या पद्धतीचे श्रेय एका स्त्रीच्या पेढीला देतात. बार्ब-निकोल क्लिको ही बाई १८०५ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाली, आणि नवऱ्याचा धंदा मोडून खाण्याऐवजी तिने तो वाढविला. १८१६ च्या सुमारास तिच्या तळघरात भोके पाडलेल्या मेजावर बाटल्या फिरविण्याची युक्ती निघाली. गाळ बुचाशी जमला की बाटलीचे तोंड उणे २७ अंशांच्या द्रावात बुडवून गोठवतात. झाकण काढताच गोठलेला गाळ बाहेर उडतो. मग थोडी साखर घातलेली वाइन वरून भरून, बूच आणि तारेची जाळी लावतात.

आधी लेबल वाचावे

पारख बाटली उघडण्यापूर्वीच सुरू होते. शॅम्पेनच्या लेबलावर बारीक अक्षरांत एक क्रमांक असतो आणि त्याआधी दोन अक्षरे. ‘एन. एम.’ असल्यास ती द्राक्षे विकत घेणाऱ्या पेढीची. ‘सी. एम.’ असल्यास सहकारी संघाची. ‘आर. सी.’ म्हणजे संघाने तयार केलेली पण सभासद बागायतदार आपल्या नावाने विकतो ती. आणि ‘आर. एम.’ म्हणजे ज्याने द्राक्षे पिकविली त्यानेच वाइन केली. बागायतदाराच्या घरची बाटली ती हीच.

ही अक्षरे बाटली कोणाची ते सांगतात, बरी की वाईट ते सांगत नाहीत. पेढ्यांकडे शेकडो बागांच्या वाइन असतात. त्यांचे मिश्रण दरवर्षी एकसारखे उतरते आणि ते मोठे कसब आहे. आळशी बागायतदाराची बाटली त्यापुढे फिकी पडेल. म्हणून अक्षरांवर न थांबता पुढे जावे.

साखरेचा शब्दही पाहावा. ‘ब्रूत नात्यूर’ म्हणजे लिटरला तीन ग्रॅमपेक्षा कमी, वरून साखर न घातलेली. ‘एक्स्ट्रा ब्रूत’ सहा ग्रॅमपर्यंत. ‘ब्रूत’ बारा ग्रॅमपेक्षा कमी. ‘दमी-सेक’ ३२ ते ५० ग्रॅम. तुलनेसाठी पाहा : शंभर मिलिलिटर चहात आपण दोन चमचे साखर घातली तर ती लिटरला शंभर ग्रॅम झाली. साखर थोडी असली की आंबटपणाला गोलाई येते. जास्त असली की दोष झाकले जातात. म्हणून कमी साखरेच्या बाटलीत बागायतदाराला लपायला जागा कमी.

कित्येक बागायतदार मागच्या लेबलावर गावाचे नाव, काढणीचे साल, जातींचे प्रमाण आणि गाळ काढल्याची तारीख छापतात. गाळ काढून चार-सहा महिने झाले की वाइन स्थिरावते. तारीख छापणारा माणूस आपल्या मालाबद्दल गिऱ्हाइकाशी सरळ बोलतो असे समजण्यास हरकत नाही.

बाटली उघडणे आणि पेला

बाटली ८ ते १० अंशांपर्यंत थंड करावी. बादलीत अर्धे पाणी, अर्धा बर्फ घालून अर्धा तास ठेवल्यास पुरते. फार गार केल्यास वास दबतो, कोमट राहिल्यास फेस उसळतो.

सहा वातावरणांचा दाब असल्याने बुचाशी खेळ करू नये; डोळा जाण्याचा धोका असतो. बुचावर कापड आणि अंगठा धरून जाळी सैल करावी. बाटली कोणाच्या तोंडाकडे नको. बूच घट्ट धरून बाटली फिरवावी. फट्ट असा मोठा आवाज झाला आणि फेस वाहिला तर वाइन वाया गेली. नुसता उसासा टाकल्यासारखा आवाज यावा.

पेला उभट, मधे फुगीर आणि तोंडाशी निमुळता असावा. जुन्या चित्रपटांत दिसणाऱ्या पसरट पेल्यात फेस व वास दोन्ही लवकर उडून जातात. पेल्याला साबण राहिला तर फेस बसतो, म्हणून नुसत्या गरम पाण्याने धुतलेला बरा. अर्ध्याहून कमी भरावा.

डोळ्याने काय दिसते

प्रथम रंग पाहावा. फिका, किंचित हिरवट पिवळा असल्यास तरुण, बहुधा शार्दोनेची. गव्हाळ सोनेरी असल्यास जुनी, किंवा लाकडी पिंपात मुरलेली. पांढऱ्या शॅम्पेनमध्ये तांबूस झाक दिसली तर काळ्या द्राक्षांची साल रसात थोडी अधिक भिजली असे समजावे.

फेसाबद्दल एक गैरसमज आहे. बुडबुड्यांच्या जितक्या माळा तितकी वाइन चांगली, असे सांगतात. रँस येथील विद्यापीठात यावर बरेच संशोधन झाले आहे. बुडबुडा उठतो तो पेल्यात चिकटलेल्या कापडाच्या किंवा कागदाच्या सूक्ष्म तंतूपासून. अगदी स्वच्छ, गुळगुळीत पेल्यात फेस फारसा दिसणारच नाही. म्हणून माळा मोजण्यापेक्षा फेस जिभेवर कसा लागतो ते पाहावे. मुरलेल्या वाइनचा फेस सायीसारखा मऊ लागतो. घाईच्या वाइनचा सोड्याच्या बाटलीसारखा टोचतो.

नाकाने काय कळते

पेला न हलविता एकदा हुंगावा, थोड्या वेळाने पुन्हा. पहिला वास फळाचा येतो : लिंबाची साल, हिरवे सफरचंद, पांढरी फुले. काळ्या द्राक्षांची असल्यास लालसर फळांची आठवण होते. त्यामागून येतो तो गाळावर मुरल्याचा वास : बेकरीवरून जाताना येतो तसा गरम पावाचा, भाजलेल्या शेंगदाण्या-बदामाचा, लोण्याचा. हा दुसरा वास किती खोल आहे त्यावरून बागायतदाराने किती काळ कळ काढली ते समजते.

खडूच्या जमिनीच्या वाइनला ओल्या पाटीसारखा वास येतो असे जाणते म्हणतात. आपण लहानपणी पाटी पुसून हुंगलेली आहे, त्यांना हे समजेल. मात्र वेल खडूची चव मुळांनी उचलून घडात नेते असे नाही. खडू पाणी सांभाळतो, वेलीला जेमतेम पण सतत ओल देतो, द्राक्षात आंबटपणा टिकतो. त्याचा परिणाम आपल्याला नाकाला आणि जिभेला जाणवतो.

जिभेने काय कळते

लहान घुटका घ्यावा, तोंडभर फिरवावा, क्षणभर थांबावा. चार गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

आंबटपणा : तोंडाला पाणी सुटावे, पण दात आंबू नयेत. आंबटपणा सुटा आणि हिरवा लागला तर काढणी घाईने झाली. आंबटपणाच नसेल, वाइन जड आणि सुस्त लागेल, तर द्राक्षे वेलीवर अधिक राहिली किंवा साल फार उष्ण गेले.

भरीवपणा : मधेच पाणचट लागली तर वेलीवर घड फार ठेवले असे बहुधा समजावे. घडांची संख्या मर्यादित ठेवली की मण्यात रस उतरतो, हे आपला कोणताही बागायतदार जाणतो. ते त्या वाइनमध्ये तीन-चार वर्षांनीही कळते.

कडवटपणा : जिभेच्या मागच्या बाजूस तुरट-कडू रेष उरली तर घाण्यात दाब जास्त पडला, किंवा दुय्यम रस अधिक मिसळला.

लांबी : गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते मनात आकडे मोजून पाहावे. चारपाच आकड्यांत संपली तर साधी. दहाबाराच्या पुढे गेली आणि शेवटपर्यंत स्वच्छ राहिली तर बागेत आणि तळघरात काम मन लावून झाले आहे.

दोन पेले शेजारी ठेवावेत

एकटी बाटली फारसे बोलत नाही. शेजारी दुसरी ठेवली म्हणजे दोघी बोलू लागतात. आविझ किंवा क्रामां या गावांची शार्दोने आणि व्हर्झने किंवा आंबोने या गावांची पिनो न्वार शेजारी चाखली तर पहिली सरळ, धारदार लागते. दुसरी अंगाने भरलेली. मार्न नदीच्या खोऱ्यातील म्यूनिए गोलसर, फळाळ आणि लवकर तयार होणारी. पेढीच्या मिश्रणात या तिन्हींची कमीजास्त भरपाई होते. पाच एकरवाल्या बागायतदाराच्या बाटलीत मात्र त्याचे गाव, त्याची जात आणि त्या सालची हवा उघडी असते. एखाद्या साली ती उतरत नाही, पण तिची ओळख बदलत नाही.

आविझचे आन्सेल्म सेलोस यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९७० च्या दशकात त्यांनी वडिलांची बाग हाती घेतली. उतारा कमी केला, तणनाशके बंद केली, प्रत्येक तुकड्याची वाइन लहान लाकडी पिंपांत वेगळी ठेवली आणि प्रत्येक तुकडा वेगळा चाखला. लोकांनी प्रथम वेड्यात काढले. पुढे त्यांच्या बाटल्यांना नामांकित पेढ्यांच्या तोडीचा भाव आला आणि तरुण बागायतदार त्यांच्या वाटेने जाऊ लागले. त्यांचे मोठे भांडवल म्हणजे आपल्या बागेची चव स्वतःच्या जिभेने ओळखण्याची सवय.

दोष ओळखावेत

भिजलेल्या पुठ्ठ्याचा किंवा कुबट वास आला तर बूच खराब. हा बागायतदाराचा दोष नव्हे. कापून ठेवलेल्या, तपकिरी पडलेल्या सफरचंदाचा वास आला तर वाइनला हवा लागली. उकडलेल्या कोबीचा वास येत असल्यास पांढऱ्या काचेची बाटली उजेडात राहिली. मातकट, बुरशीचा वास मात्र बागेतून येतो. काढणीच्या वेळी कुजके मणी वेचून काढले नाहीत, त्याची ही साक्ष. काढणीच्या मजुरांच्या हातातील कात्री नीट चालली की नाही, हे पेला सांगतो.

हिशेबाची दुसरी बाजू

हे वाचून कोणाला वाटेल, मग सगळेच बागायतदार स्वतःची बाटली का काढत नाहीत? अलीकडच्या वर्षांत शॅम्पेनची द्राक्षे किलोला साधारण ६ ते ७ युरो भावाने विकली गेली आहेत. म्हणजे एका बाटलीत सात-आठ युरोची द्राक्षेच असतात. द्राक्षे विकणाऱ्याला हा पैसा फार न थांबता मिळतो. बाटली करणाऱ्याचा पैसा दोनतीन वर्षे तळघरात अडकतो. घाणा, टाक्या, बाटल्या, बुचे, साठवण आणि शेवटी विक्री, सारे स्वतः करावे लागते. म्हणूनच बागायतदारांच्या स्वतःच्या बाटल्यांचे प्रमाण गेल्या काही दशकांत घटत आले आहे. मुले शहरात गेली, वाटण्या झाल्या, आणि वडिलांचे तळघर बंद होऊन द्राक्षे पुन्हा पेढीकडे जाऊ लागली, असे तेथेही घडते.

आपल्याकडे १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यात नारायणगावी शॅम्पेनच्याच पद्धतीने फेसाळ वाइन होऊ लागली. ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशातही गेली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यावर नाशिक भागात कारखाने वाढले, आणि आज दिंडोरीसारख्या तालुक्यात फेसाळ वाइन तयार होते. मात्र तिला शॅम्पेन म्हणता येत नाही. ते नाव त्या मुलखाच्या मालकीचे आहे. २००८-०९ च्या मंदीनंतर आपल्याकडेही वाइनची द्राक्षे उचलली गेली नाहीत आणि कित्येकांनी बागा तोडल्या. शॅम्पेनच्या बागायतदारांनी १९३० नंतर जे सोसले, त्याचीच ही आवृत्ती होती.

येथे हेही सांगितले पाहिजे की परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणे आपल्या कायद्याने गुन्हा आहे. हा लेख वाचून कोणी मडक्यात द्राक्षे आंबवू नयेत. बंद बाटलीतला दाब जिवावर बेतू शकतो.

पण पारखीला परवाना लागत नाही. वाइनची द्राक्षे करारावर देणाऱ्या बागायतदाराने निदान एवढे करावे : आपला माल ज्या टाकीत गेला तिची वाइन पुढे कशी उतरली, हे कारखान्यात जाऊन विचारावे. शक्य असल्यास ती हुंगावी, चाखावी, थुंकून टाकावी. घेत नसल्यास नुसता वास पाहावा, आणि काढणीच्या दिवशी मणी चावून बघावा. तुकडा क्रमांक, काढणीची तारीख, ब्रिक्स, साल सुटते कशी, बी तपकिरी झाली का, आंबटपणा किती, याची नोंद वहीत करावी. घरातील स्त्रियांना यात घ्यावे. ताकाचा आंबटपणा, लोणच्याची मूर आणि भाताचा वास रोज ओळखणारी त्यांची जीभ आणि नाक पुरुषांपेक्षा अधिक तयार असतात.

गुऱ्हाळात गुळव्या काकवीची धार पाहून कढई कधी उतरायची ते सांगतो. त्याचा शब्द मालक आणि व्यापारी दोघेही मानतात, कारण त्याला समजते हे दोघांनाही माहीत असते. शॅम्पेनच्या बागायतदाराने पेढीवाल्यासमोर भावासाठी बसताना हीच पत कमावली. मालात काय आहे ते समोरच्याने सांगायच्या आधी त्याला स्वतःला ठाऊक होते. येत्या हंगामात कात्री लावण्यापूर्वी आपल्या बागेच्या चार कोपऱ्यांतले चार मणी वेगवेगळे चाखून पाहा, आणि कोणत्या कोपऱ्याची चव वेगळी लागते ते लिहून ठेवा.